धाकटी भांडेनाशी झाली

४ तारीख, मंगळवार

धाकटीने आज दिवसभरात मला एक शिवी दिली नाही. एक नाही! सकाळी मी मुद्दाम तिच्या स्टुलावर ओली कात्री ठेवली, तर म्हणते, "राहू द्या जाऊबाई, मी पुसते." राहू द्या! हा शब्द तिच्या तोंडी मी जन्मात ऐकला नव्हता. माणूस इतकं गोड बोलायला लागलं की समजावं, एक तर ते आजारी आहे नाहीतर काहीतरी लपवतंय.

असो. नमस्कार, वहीबाई. राग आधी, ओळख मागून, आमच्याकडे हीच रीत. ही वही नातीने आणून दिली. म्हणाली, "आजी, मनातलं लिहीत जा, डोकं शांत राहतं." माझं डोकं शांतच असतं, तोंड तेवढं चालतं. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, त्यातलंही निम्मं शिक्षण बाकाखाली झालं. तेव्हा शुद्धलेखनाला हसायचं नाही.

आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. बाहेर पाटी आहे, कपडे दुरुस्ती. नवीन काही शिवत नाही. पँटची उंची कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, कोटाचं अस्तर, पडद्याचा काठ. मी थोरली जाऊ, ती धाकटी. दोघी सख्ख्या भावांना दिलेल्या. भाऊ गेले, दुकान राहिलं आणि आम्ही राहिलो. पहिल्या दिवसापासून वाटणी ठरलेली: उसवणं माझं, शिवणं तिचं. तिचा टाका वाकडा गेला तर मी बोलत नाही, कपडा तिच्या स्टुलावर फेकते. मग ती बोलते. काय बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी जे उत्तर देते ते तर त्याहून नाही. एकदा एका बाईच्या स्कर्टाची चेन बसवून झाली तरी ती उठेना. "तेवढा शेवट ऐकून जाते," म्हणाली.

आता ऐकायला काही उरलं नाही. दुकानात बसलं की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं.

६ तारीख, गुरुवार

सगळं बिघडलं ते मोबाइलने. नातीने दुकानाचं खातं उघडलंय. टेबलाला एक वाकडी काडी लावली आहे, तिच्यावर मोबाइल लटकतो आणि तुरपाई करताना धाकटीच्या हातांचं चित्रण करतो. फक्त हातांचं. मी विचारलं, "माझ्या हातांना काय कुत्रं चावलंय?"

नात म्हणाली, "तसं नाही गं आजी. उसवताना बघून लोकांना बेचैन वाटतं. त्यांना शांत वाटायला हवं असतं. आणि चित्रण चालू असताना तू बोलू नकोस हं."

माझ्या दुकानात मी बोलायचं नाही, का तर लोकांना शांत वाटावं!

आणि लोक लिहितात काय? "आजी, तुमचे हात बघता बघता झोप लागली." ही म्हणे स्तुती. माझा नवरा बोलायला लागला की मला झोप लागायची, त्याचं कोणी कौतुक केलं नाही.

धाकटी प्रत्येकाला उत्तर देते. मोबाइल नाकाला लावून एकेक अक्षर शोधते. "बाळा, जेवलास का?" "राजा, अभ्यास कर हं." त्यातल्या एका बाळाला छातीपर्यंत दाढी आहे. इथे मी आठवडाभर खोकतेय, मला कोणी राजा म्हणालं नाही.

७ तारीख, शुक्रवार

आज एक काम केलं. शेजारच्या चष्मेवाल्याकडे गेले. त्याच्या कोटाचं अस्तर माझ्याकडे आहे, म्हणजे तोही माझ्याकडेच आहे.

"मला खातं उघडून दे. माझं नाव नको, फोटो नको."

"कशाला काकू?"

"थंडी येतेय. कोट हवा ना तुला?"

दिलं उघडून. नाव काय ठेवू म्हणाला. त्याच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात डोंगरामागून सूर्य येत होता. मी म्हटलं, गुलाबी सकाळ ठेव. फोटोही त्याचाच लाव.

निघताना तो म्हणाला, "काकू, डोळ्यांचं घरात एकदा बोला ना तुम्ही."

"माझे डोळे ठणठणीत आहेत."

"तुमचे नाही म्हणत..." आणि एकदम काचा पुसायला लागला. पुरुषांना वाक्य पुरं करता येत नाही.

दुपारी मागच्या खोलीत जाऊन मी गुलाबी सकाळ म्हणून पहिलं लिहिलं: "टाका लहान घाला. उलट्या बाजूने दिसतोय." परक्या माणसाने लिहावं तसं अगदी सौम्य. धाकटीने ते नातीकडून मोठ्याने वाचून घेतलं. मग बराच वेळ माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "कोणीतरी जाणकार बाई दिसते." मी बाही उसवत होते, मान वर केली नाही. मला नाटकात काम मिळालं असतं तर नाव काढलं असतं.

११ तारीख, मंगळवार

धाकटी आता गुलाबी सकाळला खाजगीत लिहायला लागली. म्हणजे फक्त दोघींनाच दिसतं. मोबाइल घेऊन मी मागच्या खोलीत जाते, ती पुढच्या खोलीत बसते. मध्ये एक पडदा.

आज तिने लिहिलं: "ताई, तुम्हाला खोकला झालाय का? गरम पाणी पीत जा." मी थक्क झाले! न बघता, न ऐकता, नुसत्या लिहिण्यावरून खोकला ओळखला. बाहेर आले तर माझ्या टेबलावर गरम पाण्याचा पेला झाकून ठेवलेला. बघा योगायोग. प्यायले. बरं वाटलं.

मग मी हळूच विचारलं, घरी कोण कोण असतं तुमच्या? बांध फुटला! "थोरली जाऊ आहे. स्वभावाने कजाग. जेवताना मचमच आवाज करते. दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. न्हाणीत गाणी म्हणते आणि ती पण चुकीची."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. पण सोंग घेतलं की निभवावं लागतं. लिहिलं: "त्या वयाने मोठ्या आहेत. त्यांचा मान ठेवत जा."

तिचं उत्तर: "मान ठेवला की तिला ताप भरतो."

रात्री जेवताना मी तोंड मिटून चावलं. घास घशाखाली जाईना. धाकटी म्हणते, "बरं नाही का वाटत?" मी म्हटलं, "न वाटायला काय झालं?" तर पदराने तोंड पुसत स्वयंपाकघरात गेली. आतून ठसका लागल्यासारखा आवाज आला. तिलाही खोकला झाला वाटतं.

१२ तारीख, बुधवार

आज लिहिते: "एक मात्र कबूल करते ताई. थोरलीसारखं उसवणं कोणाला जमायचं नाही. कितीही जुनी शिवण असो, धागा असा काढते की कापडाला पत्ता लागत नाही."

हे मी चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं. तेवढ्यात दूध उतू गेलं. दुधाकडे बघायला या घरात माणूस नाही.

तोंडावर का नाही म्हणाली कधी? म्हणाली असती तर मी काय तिला खाल्लं असतं? खाल्लंच असतं म्हणा.

१५ तारीख, शनिवार

काळी पँट. धाकटीने काठाची तुरपाई केली, ती अशी की मुंगी दारू पिऊन चालत गेली आहे. नियमाने ती पँट तिच्या स्टुलावर फेकायला हवी होती. पण वर तो मोबाइल लटकलेला, लोकांना शांत वाटत होतं. शिवाय ती सुईत दोरा ओवत होती. ओवतच होती. भोक एकीकडे, दोरा दुसरीकडे. मी दुसरीकडे बघितलं.

ती दुपारी आडवी झाल्यावर मी टाके उसवले आणि स्वतःच तुरपाई केली. माझी तुरपाई म्हणजे तिच्या दारुड्या मुंगीची सासू. तरी खपली. कालच्या पडद्याचंही असंच केलं, परवाच्या फ्रॉकचंही. तिला बोलले नाही. दया वगैरे काही नाही, भांडायला वेळ नव्हता. तो मोबाइलचा दिवा डोळ्यांवर येतो, त्याने टाके वाकडे जातात. नातीला सांगायला हवं.

शेवटचा टाका घालताना वाटलं दारात कोणीतरी आहे. वळून बघितलं तर पडदा हलत होता.

१८ तारीख, मंगळवार

आज रागात लिहितेय, अक्षर वाचता आलं नाही तर नाही.

धाकटीने गुलाबी सकाळला लांबलचक लिहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चष्मेवाल्याने तपासून सांगितलं त्याला बरेच दिवस झाले. तिच्या लेकीला माहीत आहे. लेक म्हणते, माझ्याकडे ये, इथे शस्त्रक्रिया करू आणि मग कायमची इथेच राहा, या वयात दुकान कशाला? पुढे लिहिते: "माझं मन होत नव्हतं. पण थोरली आता माझी वाकडी शिवण परत फेकत नाही. मी झोपले की गुपचूप स्वतः करते. म्हणजे मी संपले. तुम्ही सांगा ताई. जाऊ का मी?"

मोतीबिंदू लेकीला माहीत, चष्मेवाल्याला माहीत, डोंगरामागून येणाऱ्या सूर्याला माहीत. दोन हातांवर बसते मी, मला नाही! मी तशीच बोटं आपटत लिहिलं:

"जा की. अडवलंय कोणी?"

आणि पाठवलं.

आता हेच मी तिला तोंडाने किती वेळा म्हटलंय. जा म्हटलंय, चालती हो म्हटलंय, तुझं थोबाड दाखवू नकोस म्हटलंय. त्यावर ती म्हणायची, "आधी तुमचं झाका," आणि पायमशीन सुरू करायची. उंबऱ्याकडे बघायचीसुद्धा नाही कधी.

मी पडद्यामागे कान लावून उभी राहिले. पायमशीन सुरू झालं नाही. माझ्या मोबाइलवर एकच शब्द आला. "बरं."

१९ तारीख, बुधवार

जायचं ठरलं. घरच्यांचा मोबाइलवर गट आहे, त्यात तिच्या लेकीने लिहिलं, रविवारी गाडी घेऊन येते, आईला कायमचं घेऊन जाते. लगेच पाऊस सुरू झाला. फुलं, जोडलेले हात, रडकी तोंडं. माझ्या मुलाने शेजारच्या खोलीतून अंगठा पाठवला. सूनबाईने पलंगावर बसल्या बसल्या लाल बदाम पाठवला. धाकटी चार पावलांवर स्टुलावर बसली होती. तिच्यापर्यंत चालत कोणी आलं नाही.

नात म्हणाली, "आजी, तू पण काहीतरी टाक ना. बरं दिसत नाही."

मी कपबशी टाकली. फरशीवर.

मग चष्मेवाल्याला धरला. "मला का नाही सांगितलंस मेल्या?"

"काकू, पेशंटचं बाहेर सांगायचं नसतं."

"बाहेर? ती माझी जाऊ आहे!"

"मग मला वाटलं घरात बोलणं झालं असेल. मोतीबिंदू म्हणजे काय मोठंसं? आपल्या समोरच्या दवाखान्यात होतो की. संध्याकाळी घरी. तुम्ही दोघी बोलत नाही का एकमेकींशी?"

"दिवसभर बोलतो!" मी म्हटलं आणि तरातरा निघून आले. दुकानात येऊन बसल्यावर आठवून बघितलं, शेवटचं काय बोललो? "राहू द्या." "बरं." "पुसते." याला बोलणं म्हणायचं तर भिंतीवरची पाल आमच्यापेक्षा बडबडी.

२१ तारीख, शुक्रवार

ते "जा की" परत घ्यायला बसले. गुलाबी सकाळ म्हणून लिहिलं, "त्या दिवशी मी रागाने म्हटलं." मग वाटलं, हे कसं चालेल? परक्या बाईला राग यायचं कारण काय? राग यायला नातं लागतं. पुसलं.

मग लिहिलं, "जाऊ नका." ते वाचून मलाच हसू आलं. जाऊ नका म्हणणारी ही गुलाबी सकाळ कोण टिकोजीराव? पुसलं.

तोंडाने सांगावं तर तोंडाला सवय नाही. मी तिला कधी "राहा" म्हटलेलंच नाही. ती राहतच होती, म्हणायचं कशाला?

धाकटीने आज कपडे काढून ठेवले. मला म्हणाली, "तुमची निळी शाल माझ्याकडे आहे, धुऊन ठेवते." मी म्हटलं, "घेऊन जा. मला डसते ती." डसत नाही.

२२ तारीख, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

धाकटीने भरलेली बॅग आणून माझ्या टेबलावर ठेवली. "चेन गेली आहे जाऊबाई. उद्या लागेल." एवढं बोलून स्टुलावर बसली. डोक्यावर नातीचा मोबाइल लटकत होताच.

मी बॅग घेतली. जुनी चेन उसवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, एक दोरा मागे ठेवला नाही. आणि ती उघडी बॅग तिच्या स्टुलाजवळ दाणकन फेकली.

"हे काय?"

"उसवली. बसवायचं काम तुझं."

"मला सुईचं भोक दिसत नाही." पहिल्यांदा मला म्हणाली. मला!

"मग दिसेपर्यंत थांब."

"आणि लेक उद्या येतेय तिला काय सांगू? बॅगेला तोंड नाही म्हणून थांबले?"

"मला विचारू नकोस. तू सगळं विचारतेस ते परक्यांना. मोतीबिंदू झाला तो सांगितलास कोणाला, तर त्या मोबाइलमधल्या बाईला!"

"तुम्हाला कसं कळलं, मी कोणाला सांगितलं ते?"

झालं, पकडले गेले! पण मी काही कच्ची नाही. "चष्मेवाला म्हणाला."

"बरं," म्हणाली. तिचं तोंड कसंतरी झालं होतं, टाचणी टोचली असावी.

"आणि तुम्ही हो?" मग ती उठलीच. "माझे टाके चोरून उसवता? मी काय मेलेय? फेकायची ना पँट माझ्या अंगावर!"

"फेकली असती तर तू परत वाकडंच शिवलं असतंस, आंधळे!"

"शिवलं असतं! दहादा वाकडं शिवलं असतं, तुम्ही दहादा फेकायचं होतं! मान ठेवताय होय माझा? माझा मान ठेवायला तुम्ही कोण लागून गेलात?"

नात धावत आली. "अगं आजी, अहो धाकट्या आजी, चित्रण चालू आहे! लोक बघतायत!"

"तो मेला आधी बंद कर!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

नातीने काढला बाई तो. मग धाकटी स्टुलावर टेकली. दमली होती. मीही दमले होते, बऱ्याच दिवसांची सवय गेलेली.

थोड्या वेळाने म्हणाली, "ती गुलाबी बाई तर म्हणाली होती, जा म्हणून."

"ती मूर्ख आहे."

"ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"मग तिचं ऐकतेस कशाला?"

"एरवी तोंड बघून कळतं हो, माणूस खरं बोलतंय की उगाच. लिहिलेल्याला तोंड नसतं." आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. तिला दिसत तरी काय होतं, देव जाणे. पण बघत होती.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "समोरच्या दवाखान्यात होतो मोतीबिंदू. संध्याकाळी घरी. मी नेईन. डोळ्यांत थेंब घालायला मला येतं, ओरडलीस तर तोंड दाबायलाही येतं." मग खोकला आला, तो पुरता गेलेला नाही. "राहा," म्हटलं.

"काय म्हणालात?"

"ऐकू पण येत नाही का आता? राहा म्हटलं, राहा!"

रस्त्यावरचा माणूस थांबून बघायला लागला.

धाकटी उठली. बॅगेतले कपडे काढून तिने खुंट्यांवर टांगले. शाल तेवढी ठेवून घेतली.

२३ तारीख, रविवार

धाकटीने सकाळी स्टूल उचलून माझ्या टेबलाला आणून लावलं. डोळे होईपर्यंत शिवणं बंद, तोवर कापड ताणून धरणं तिचं. धरते पण घट्ट. माझं नख कापडात अडकलं तर म्हणते, "ब्लेडने उसवता की दातांनी?" मी जे म्हटलं ते वहीत मावणार नाही.

तुरपाईला शेजारच्या गल्लीतली एक मुलगी काल संध्याकाळीच ठरवली आहे. धाकटी तिच्या डोक्यावर उभी राहून शिकवते. मुलगी एकदा रडली. टिकेल.

गुलाबी सकाळ बंद करणार होते. केली नाही. धाकटी त्या बाईला एवढा जीव लावून लिहिते, एकदम नाहीशी झाली तर बिचारीला वाईट वाटेल. आज सकाळीच तिने लिहिलंय: "ताई, थोरली राहा म्हणाली. एवढ्या मोठ्याने म्हणाली की तुमच्यापर्यंत ऐकू आलं असेल." भोळी आहे हो धाकटी. तिला काही म्हणजे काही संशय नाही.

आता एकच भानगड उरली आहे. लेकीला अजून कोणी कळवलेलं नाही. गटात तिने विचारलंय, "आई तयार आहे का? निघू का?" सगळ्यांनी वाचलंय, सगळे गप्प. सूनबाई म्हणते, तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही सांगा. मुलगा म्हणतो, एक हसरं तोंड टाकून देऊ, समजेल तिला. नात म्हणते, मी छान शब्दांत लिहिते. आणि धाकटी, जी काल मला रस्त्यावर ऐकू जाईल असं बोलली, ती आज कापडात तोंड खुपसून बसलीय. म्हणते, "तुम्हीच सांगा ना जाऊबाई. लेक रागावेल माझ्यावर."

हे लिहितेय तोवर फोन वाजायला लागला. लेकीचाच. नातीने हात पुढे केला, तिच्या हातावर पट्टी मारली. मुलाला म्हटलं, तू लांब उभा राहा. सूनबाईला म्हटलं, तो बदाम बाजूला ठेव. वाजता फोन तसाच धाकटीच्या मांडीवर ठेवलाय आणि ऐकवलंय ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी वेगळं सांगायला नको:

फुलं नाहीत, हात जोडणं नाही, रडकं तोंड नाही. मी बोलणार नाही, नात लिहिणार नाही. लेक तुझी, डोळे तुझे. धाकटे, फोन उचल आणि उत्तर तू दे, तुझ्या तोंडाने.